नाव एकच, मिळकती दोन: एका महानगरपालिकेच्या घरपट्टीची दुरुस्ती

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका महानगरपालिकेचं आहे. शहराचं, माणसांचं आणि सॉफ्टवेअर कंपनीचं नाव दिलेलं नाही. संस्था ओळखू येईल असे आकडेही गाळले आहेत. मी पालिकेच्या संगणक विभागाकडून या कामात होते, त्यामुळे पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यातल्या काही माझ्या स्वतःच्या आहेत.

पार्श्वभूमी

हद्दवाढीत आसपासची काही गावं पालिकेत आली. त्या ग्रामपंचायतींची घरपट्टी नमुना ८ च्या आकारणी नोंदवहीत आणि नमुना ९ च्या मागणी नोंदवहीत होती. काही गावांनी या वह्या आधीच एक्सेलमध्ये उतरवल्या होत्या, पण जुन्या फॉन्टमध्ये. अशा फाइलमध्ये खरं तर मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग असते आणि तो विशिष्ट फॉन्ट तिला मराठीचं रूप देतो. फॉन्ट बदलला की काहीच वाचता येत नाही. हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आणायचा तर चिन्हांची क्रमवारीही बदलावी लागते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असतो, कारण तिथे दिसण्याचा क्रम हाच साठवण्याचा क्रम. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम धरतात.

पालिकेचं कर आकारणीचं सॉफ्टवेअर पंधराएक वर्षांचं होतं. एका स्थानिक कंपनीने ते लिहिलं होतं आणि दर वर्षी निघणाऱ्या नव्या परिपत्रकाप्रमाणे त्यात भर पडत गेली. सर्व्हर एकच, चाचणीसाठी वेगळी जागा नाही. प्रोग्रामची एक प्रत सर्व्हरवर आणि दुसरी कंपनीच्या प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर. दोन्ही प्रती सारख्याच आहेत असं सगळे गृहीत धरून चालले होते.

काय बिघडलं

नव्या आर्थिक वर्षाची बिलं वाटली गेली आणि आठवड्याभरात नागरी सुविधा केंद्रासमोर रांग लागली. नव्याने आलेल्या गावठाणातले लोक एकाच घराची दोन बिलं घेऊन आले होते. जुन्या शहरातले लोक वेगळीच तक्रार घेऊन आले. त्यांनी आदल्या वर्षीच्या अभय योजनेत मूळ कर एकरकमी भरला होता, योजनेप्रमाणे त्यांची शास्ती, म्हणजे थकबाकीवरचा दंड, माफ झाली होती, आणि आता तीच शास्ती नव्या बिलात परत आली होती. पावत्या त्यांच्या हातात होत्या. शास्ती दरमहा २ टक्क्यांनी चढते, त्यामुळे काही बिलांवरचे आकडे पाहून म्हातारी माणसं खरोखर घाबरली होती. एक आजी पावतीची घडी उलगडून लिपिकाला पुन्हा पुन्हा दाखवत होत्या. तो चेहरा मी विसरलेले नाही.

जवळजवळ महिनाभर आम्ही या दोन्ही तक्रारी एकाच आजाराच्या धरल्या. बैठकीत सर्रास शब्द होता "डेटा खराब आहे." इतिवृत्तातही तोच गेला. या एका वाक्याने आमचा सर्वात मोलाचा वेळ खाल्ला, कारण दोन्ही तक्रारींचं मूळ अगदी वेगळं होतं.

शास्तीचं मूळ प्रोग्राममध्ये होतं. अभय योजना जाहीर झाली त्या रात्री वरून फोन आला आणि प्रोग्रामरने थेट चालू सर्व्हरवर बदल केला. बदल बरोबर होता. पण तो फक्त सर्व्हरवर राहिला, लॅपटॉपवरच्या प्रतीत कधी गेलाच नाही. काही महिन्यांनी सर्व्हरची डिस्क बिघडली. माहिती बॅकअपमधून परत आणली, प्रोग्राम मात्र लॅपटॉपवरून चढवले. अभय योजनेची दुरुस्ती तिथेच गेली आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्यानंतर बिलं निघाली ती थेट एप्रिलमध्ये.

दुबार बिलांचं मूळ माहितीत होतं, आणि ते शोधताना आम्ही थक्क झालो. पडद्यावर दोन नोंदी शेजारी शेजारी होत्या. आडनाव दोन्हीकडे कुऱ्हाडे, गाव एक, गल्ली एक. ज्येष्ठ लिपिक म्हणाले, "मॅडम, मला तर ही दोन्ही नावं सारखीच दिसतात. तुमच्या मशीनला वेगळी का दिसतात?"

कारण मशीनच्या दृष्टीने ती वेगळीच होती. आपण ज्याला अर्धा र म्हणतो, गोऱ्हे, बऱ्हाटे, कऱ्हाड यांत येतो तो, युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर, ज्याचा क्रमांक ०९३१, मग हलन्त आणि ह. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह आणि मग ह. डोळ्यांना काडीचाही फरक दिसत नाही. जुन्या फॉन्टमधून रूपांतर करणाऱ्या साधनाने दुसरी तऱ्हा वापरली होती, आणि प्रभाग कार्यालयात नव्याने टंकणाऱ्याच्या कळफलकाने पहिली. ॲ ची हीच कथा. एक अखंड ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधी आणि कित्येक ठिकाणी अजूनही अ आणि त्यावर चंद्र असं जोडून लिहितात. युनिकोडची जी प्रमाणित एकरूपीकरणाची पद्धत आहे ती या दोन जोड्यांना एक मानत नाही. मराठीसाठी हे नियम आपले आपणच लिहावे लागतात, आणि हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं.

घर क्रमांकाने तरी नोंदी जुळायला हव्या होत्या. तिथे एक्सेल आडवं आलं. गावात घर क्रमांक ५/२ असा लिहितात. एक्सेल त्याला ५ फेब्रुवारी समजतं आणि आत तारखेचा अनुक्रमांक साठवतं. २०२२ मध्ये टंकलं तर ४४५९७, २०२३ मध्ये टंकलं तर ४४९६२. ग्रामपंचायतीने एका वर्षी टंकलं, प्रभाग कार्यालयाने पुढच्या वर्षी पुन्हा टंकलं, आणि एकाच ओसरीचे दोन पंचआकडी क्रमांक तयार झाले. १४/६३ सारखा क्रमांक मात्र तारीख होऊ शकत नाही, म्हणून तो जसाच्या तसा राहिला. सगळ्या ओळी बिघडल्या असत्या तर पहिल्या दिवशीच कळलं असतं. थोड्याच बिघडल्या, म्हणून कळलं नाही.

उपायुक्तांनी बैठकीत सरळ विचारलं, "हा आपल्या माणसांचा निष्काळजीपणा आहे का?" मी त्यांना इंग्लंडचं उदाहरण दिलं. २०२० मध्ये, २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ कोरोनाबाधित तिथल्या रोजच्या अधिकृत आकड्यात आलेच नाहीत. प्रयोगशाळांची माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओतली जात होती आणि त्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. उरलेल्या गळून गेल्या. बाधितांना त्यांचा अहवाल मिळाला होता, पण त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. तिथली माणसं निष्काळजी होती असं म्हणणं सोपं आहे. खरं कारण हे की महत्त्वाची माहिती ज्या वाटेने जात होती त्या वाटेची मालकी कोणाचीच नव्हती. आमच्याकडेही तेच होतं. उपायुक्तांनी त्यानंतर "कोणी केलं" हा प्रश्न पुन्हा काढला नाही, आणि त्यामुळे लिपिक आणि प्रोग्रामर दोघंही मोकळेपणाने बोलायला लागले.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय नव्या एकात्मिक प्रणालीची निविदा काढण्याचा. पालिकेत अडचण आली की हा पर्याय सर्वात आधी पुढे येतो. निविदा, तांत्रिक छाननी, स्थायी समिती, कार्यादेश यात वर्ष सहज जातं, आणि नव्या प्रणालीत भरायची माहिती हीच असणार होती.

दुसरा पर्याय कंपनीने दिला. एकदाच मोठी सफाई करायची आणि सारख्या नोंदी यंत्राने आपोआप एकत्र करायच्या. तिसरा, सगळी बिलं मागे घेऊन हाताने तपासायची. लवकर भरणाऱ्यांना मिळणाऱ्या सवलतीची मुदत जवळ येत होती, त्यामुळे हा पर्याय करदात्यांवरच अन्याय करणारा होता.

चौथा पर्याय आम्ही मांडला. कर विभागाचे दोन अनुभवी लिपिक, कंपनीचा प्रोग्रामर आणि संगणक विभागाचे आम्ही दोघं, असा छोटा गट एका खोलीत बसवायचा. आधी प्रोग्राम ताब्यात घ्यायचे, मग माहितीला हात लावायचा. ज्या प्रभागांत दोन्ही दोष नाहीत त्यांची बिलं तशीच चालू ठेवायची, संशयित बिलांवर वसुली थांबवायची.

क्रमावरून वाद झाला. कर विभागाला दुबार नोंदी आधी हव्या होत्या, कारण रांग त्यांच्या दारात होती. आम्ही अडून बसलो. प्रोग्राम स्थिर नसताना माहिती दुरुस्त केली तर उद्याच्या एका फोनने ती पुन्हा बिघडेल. आयुक्तांनी आमची बाजू घेतली, पण माफ झालेली शास्ती आठ दिवसांत बिलांतून उतरली पाहिजे ही अट घातली. ती अट योग्य होती.

काय केलं

डिस्क बिघडण्याआधीचा संपूर्ण सर्व्हरचा एक बॅकअप सुदैवाने सापडला. त्यातले प्रोग्राम आणि लॅपटॉपवरचे प्रोग्राम आम्ही ओळीनुओळ ताडून पाहिले. फरक फक्त अभय योजनेचा नव्हता. कित्येक फाइलींत बारीकसारीक दुरुस्त्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच का केल्या हे कोणालाच सांगता येईना. प्रोग्रामरने जुने निरोप चाळले, लिपिकांनी जुन्या टिपण्या काढल्या. एकेका फरकाला कारण सापडेल तसा तो आम्ही नव्या मूळ प्रतीत घेतला. ही मूळ प्रत गिटमध्ये, म्हणजे प्रोग्राममधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, ठेवली. गिट २००५ पासून आहे आणि फुकट आहे. आमच्याकडे ते नव्हतं त्याचं कारण एवढंच, की कोणी मागितलं नव्हतं.

अभय योजनेची अट प्रोग्राममधून काढून एका तक्त्यात नेली: योजनेचं नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती माफी, कोणत्या ठरावाने. पुढची योजना आली तर प्रोग्रामला हात न लावता फक्त एक ओळ भरायची. शास्तीची दुरुस्ती आयुक्तांच्या मुदतीत झाली.

चाचणीसाठी ज्येष्ठ लिपिकांनी, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, जे केलं ते या सगळ्या कामातलं मला सर्वात मौल्यवान वाटतं. त्यांनी वेगवेगळ्या तऱ्हेच्या मिळकती निवडल्या. नुसतं राहतं घर, खाली दुकान वर घर, कोर्टात वाद असलेली मिळकत, माजी सैनिकाची सवलत, अभय योजनेत सुटलेली, वर्षाच्या मध्यात नामांतर झालेली. प्रत्येकीचं बिल त्यांनी कागदावर हाताने काढलं, करपात्र मूल्यापासून शेवटच्या रुपयापर्यंत. प्रोग्राममध्ये कोणताही बदल झाला की आधी ही बिलं यंत्राकडून काढायची आणि कागदाशी ताडायची. एकही रुपया चुकला तर बदल सर्व्हरवर जाणार नाही. सॉफ्टवेअरच्या जगात याला काहीही म्हणत असतील. आमच्याकडे त्याला "भाऊंची वही" असं नाव पडलं, आणि ती वही मान्य करायला कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

सर्वात अवघड गेलं ते चालू माहितीत थेट बदल करण्याचा अधिकार काढून घेणं. प्रोग्रामर दुखावला. त्याला वाटलं आपल्यावर अविश्वास दाखवला जातोय. मी त्याच्याशी एका संध्याकाळी निवांत बोलले. गेल्या काही वर्षांत रात्री आलेले फोन त्याने मला सांगितले: अमक्यांचं बिल आत्ता दुरुस्त कर, तमक्यांचं नाव सकाळच्या आत बदल. त्यातले काही फोन लेखी कधीच झाले नव्हते. उद्या चौकशी झाली असती तर तो एकटा अडकला असता. अधिकार गेल्याने त्याचा बचावच होणार होता हे त्याला पटलं, आणि नंतर त्या नियमाचा तोच सर्वात कडक राखणदार झाला.

मग माहिती. तुलनेसाठी नावाचं एक वेगळं रूप तयार केलं: न दिसणारी जोडचिन्हं काढून टाकायची, अर्ध्या र ची आणि ॲ ची दोन्ही रूपं एकीत आणायची, जास्तीच्या मोकळ्या जागा गाळायच्या. मूळ नाव मात्र जसंच्या तसं ठेवायचं. तारखा झालेले घर क्रमांक नमुना ८ ची वही समोर ठेवून परत लावले.

इथे माझी चूक झाली. पहिल्या फेरीत मी सांगितलं की नाव, गाव आणि घर क्रमांक तिन्ही जुळत असतील तर यंत्रानेच नोंद एक करावी. एका गावठाणात दोन लांबच्या चुलतभावांची नावं वडिलांच्या नावासह सारखी निघाली, कारण त्यांच्या वडिलांचीही नावं एकच होती. घर एकाच क्रमांकाखाली विभागलेलं होतं. यंत्राने दोन खरी माणसं एक केली आणि एकाची पावती दुसऱ्याच्या खात्यात गेली. लिपिकांना ही घरं तोंडपाठ होती. मी विचारलं असतं तर त्यांनी एका मिनिटात सांगितलं असतं. आम्ही मूळ नोंदी पुसल्या नव्हत्या, फक्त एकीकडे बोट दाखवणारी खूण लावली होती, म्हणून सगळं जसं होतं तसं परत आणता आलं. त्यानंतर नियम बदलला. यंत्र जोडी सुचवेल, लिपिक ठरवेल, शंका असेल तर कर निरीक्षक जागेवर जाऊन पाहील.

याच दरम्यान आम्ही प्रत्येक रकान्याचा अर्थ मराठीत लिहून काढला आणि प्रत्येकापुढे पदनाम लिहिलं: हा रकाना कोणी भरायचा, कोणाच्या आदेशाने बदलायचा. धारकाचं नाव फक्त नामांतराच्या आदेशाने बदलेल. मिळकतीचा वापर निवासी की वाणिज्य हे ठरवणारी तीन वेगवेगळी टेबलं निघाली आणि तिघांचे अर्थ वेगळे होते. "फ्लॅग २" नावाच्या एका रकान्याचा अर्थ कंपनीलाही सांगता येईना. निवृत्तीला आलेल्या एका लिपिकबाईंनी सांगितलं की कोर्टात वाद असलेल्या मिळकतीवर जप्तीची नोटीस जाऊ नये म्हणून ती खूण ठेवली होती. त्या पुढच्या महिन्यात निवृत्त झाल्या. महिना उशीर झाला असता तर सफाईच्या नावाखाली आम्ही तो रकाना काढून टाकला असता.

निष्पत्ती

ऑक्टोबरपासूनच्या सहामाहीची बिलं निघाली तेव्हा माफ झालेली शास्ती एकाही बिलात परत आली नाही. दुबार बिलं बरीच कमी झाली, पण संपली नाहीत. ज्या जोड्यांवर निर्णय झाला नव्हता त्यांच्यावर वसुली थांबवलेलीच होती. कंपनीच्या करारात नूतनीकरणाच्या वेळी दोन कलमं वाढली: प्रोग्रामची संपूर्ण मूळ प्रत पालिकेकडे राहील, आणि पडताळणी झाल्याशिवाय कोणताही बदल चढवला जाणार नाही.

उपायुक्तांची बदली झाली. नव्या साहेबांच्या कार्यालयातून पहिल्याच आठवड्यात नेहमीसारखा फोन आला, एक नाव आजच्या आज बदलायचं होतं. प्रोग्रामरने सांगितलं की त्याच्याकडे तो अधिकारच नाही, नामांतराचा अर्ज पाठवावा लागेल. अर्ज आला. त्या मिळकतीवर दोन वारसांचा वाद असल्याचं त्या अर्जाच्या छाननीत कळलं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच दिवशी प्रत्येक तक्रारीवर एक प्रश्न विचारला असता: बिल ज्या माहितीवर निघालं ती चूक आहे, की माहिती बरोबर असून हिशेब चुकला? दहा-बारा बिलं हाताने काढून पाहिली असती तर एका दिवसात दोन ढीग वेगळे झाले असते. आम्ही त्याऐवजी महिनाभर अहवाल काढत बसलो.

लिपिकांना गटात पहिल्यापासून घेतलं, तरी सुरुवातीला आम्ही त्यांना फक्त माहिती विचारली. निर्णय आम्हीच घेतले. चुलतभावांच्या प्रकरणानंतर ते बदललं. ते आधी बदलायला हवं होतं.

हद्दवाढीच्या वेळीच ग्रामपंचायतींना एक कोरा तक्ता द्यायला हवा होता, ज्यात घर क्रमांकाचा रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवलेला असेल आणि युनिकोडशिवाय काही स्वीकारलं जाणार नाही. एका तासाचं काम होतं ते. जिथे जिथे आणखी हद्दवाढ होणार आहे तिथल्या संगणक विभागांनी हे एवढं तरी आधी करावं, ही मनापासून विनंती.

आणखी एक गोष्ट मला टोचते. या कामात चाचणीसाठी उभारलेल्या वेगळ्या सर्व्हरवर आम्ही घाईत खऱ्या माहितीची पूर्ण प्रत चढवली, लोकांच्या मोबाइल क्रमांकांसकट. काही आठवडे ती तशीच होती आणि कंपनीच्या बाहेरगावच्या माणसांनाही उघडता येत होती. क्रमांक आणि नावं बदलून टाकणारा छोटा प्रोग्राम नंतर लिहिला, तो आधी लिहायला हवा होता. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली झाला आहे. तो नसता तरीही लोकांनी ते क्रमांक आम्हाला घरपट्टीच्या संदेशासाठी दिले होते, चाचणीसाठी नाही.

पाणीपट्टीची यादी अजून वेगळी आहे. तिच्यात तीच माणसं तिसऱ्या तऱ्हेने लिहिलेली आहेत आणि तिच्या रकान्यांपुढे अजून कोणाचंही पदनाम नाही. भाऊंनी पाणीपुरवठा विभागासाठी दुसरी वही घातली आहे. तिच्यात आतापर्यंत नऊ मिळकती झाल्या आहेत.